बाबीकाकांचं पेडल कोण दाबणार?

यंदा गणपती पोचवून झाल्यावरच्या पहिल्या रविवारी, सकाळी नऊच्या सुमारास, मिठबावच्या आमच्या वाडीने बाबीकाका आजगावकरांवर अन्याय केला. बाबीकाका हातात तेलाची पिचकारी घेऊन, अनवाणी, आपल्या बेड्यातून, म्हणजे घरापुढच्या आवारातून, बाहेर आले. त्यांना बघून फुलं काढणाऱ्या बाई परडी अर्धी ठेवून घरात गेल्या. समोरच्यांनी विहिरीवरचा पंप चालू केला, म्हणजे हाक ऐकू आली नाही असं सांगायची सोय. पायरीवर पेपर वाचत बसलेल्या एका सद्गृहस्थांनी तोच पेपर तोंडावर घेऊन झोपेचं सोंग केलं. बाकीची फाटकं एकामागून एक बंद झाली. हे मी डोळ्यांनी पाहिलं. मी रस्त्यात उभी होते, कारण ती सगळी फाटकं जरा आधी माझ्यावरही बंद झाली होती. माझ्या हातात रस्त्याच्या डांबरासाठी सह्या घ्यायची पत्रकं होती.

बाबीकाकांचा गुन्हा एवढाच, की त्यांना पेडल दाबायला माणूस लागतो.

काका हायस्कुलात भूगोल शिकवायचे. सगळ्या जगाचा नकाशा फळ्यावर न बघता काढणारा हा माणूस स्वतः कधी आंबोलीच्या वर गेला नाही. ते निवृत्त झाल्यावर काकींनी माडीवर पत्रे घालायचं ठरवलं होतं. काका पत्रे बघायला म्हणून गेले आणि म्हापशाच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरची गाडी घेऊन आले. जुनी, इंग्रजी बनावटीची, शर्यतीच्या घाटाची. लाल. दोनच माणसांची, टप नाही, आणि इतकी बुटकी की शेजारची म्हैस तिच्याकडे वरून बघते. काकी बेड्यात येऊन उभ्या राहिल्या, गाडीला एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "पत्रे खंय आसत?"

गाडीत एकच खोट होती. ॲक्सिलरेटरची केबल. पेडलपासून इंजिनापर्यंत जाणारी ती तार आपल्या नळीत अडकायची. आमच्याकडे खाऱ्या वाऱ्यात कडीकोयंडेसुद्धा टिकत नाहीत, ही तर तार. एकदा दोघं हौसेने आंबोलीला निघाली. घाटात ऐन वळणावर काकांनी पेडल दाबलं, ते दाबलेलंच राहिलं. गाडी कड्याकडे निघाली. काकी बाजूला बसल्या होत्या. त्यांनी वाकून, काकांच्या पायांमध्ये हात घालून पेडल वर ओढलं. काकांनी चावी बंद केली. मग दोघांनी टपरीवर भजी खाल्ली. चहा आल्यावर काकी म्हणाल्या, "ह्यां पेडल आपणहून परत येयपर्यंत मी ह्या गाडयेत भायर पडूचंय नाय."

आणि नाही पडल्या. पण त्यानंतर दर रविवारी त्या गाडीत बसू लागल्या, उभ्या गाडीत, ड्रायव्हरच्या जागेवर. कारण या दुरुस्तीला दोन माणसं लागतात. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने पुढे बॉनेट उघडून बघायचं की तार पूर्ण ओढली जाते का आणि सोडल्यावर मागे येते का. काकी मांडीवर सूप घेऊन बसायच्या. तांदूळ निवडायच्या, तिरफळं सोलायच्या आणि एका पायाने पेडल सांभाळायच्या. आम्ही मुलं कुंपणावरून बघायचो. बॉनेटमागून काकांचा आवाज यायचा.

"दाब... हळू... रव. आता सोड. जड लागता?"

काकी सुपातून मान वर न करता सांगायच्या, "जरा जड आसा."

दर रविवारी हेच. काका तेल घालायचे, ग्रीस घालायचे, तारेचं वळण बदलून बघायचे. काकींचं उत्तर बदलायचं नाही. ज्या बाईने एकदाही गाडी चालवली नाही, तिच्या बसण्याने ड्रायव्हरच्या सीटला खळगा पडला.

या केबलवरून काकांनी जगाचं एक शास्त्र बनवलं होतं. गावात नळाला पाणी नाही, तलाठी जागेवर नाही, कुणाच्या मुलाचं लग्न जमत नाही, कारण एकच. "वर कोणतरी पेडल दाबता, हयसर चाक फिरना नाय. मधी केबल जाम." माझी पत्रकं तर ते लाल शाईने तपासून परत द्यायचे. "मागणी बरोबर आसा, सायली. पण तू वडतंस. वडू नको गो, तुटतली. तेल घाल." मी चिडायचे. डांबराची ही माझी कितवी फेरी, मलाच आठवत नाही. तेल कुठे घालायचं ते काकांनी कधी सांगितलं नाही.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर काकी गेल्या. शिमग्याला काकांचा भाचा आला. त्याचं तळेऱ्याला स्पेअर पार्टचं दुकान आहे. चांगला मुलगा आहे, त्याच्यावर माझा आरोप नाही. त्याने मापाची नवी केबल करून आणली होती, आतून प्लॅस्टिकचं अस्तर असलेली. एका सकाळीत बसवून मोकळा झाला. काका शेजारी उभे होते. भाचा हात पुसत म्हणाला, "झाला, मामा. आता हयसर बघूची गरज नाय." काकांनी जुनी केबल उचलली, गुंडाळी केली आणि घरात नेऊन खुंटीला टांगली.

पुढच्याच रविवारी ते पेडल दाबायला माणूस शोधत रस्त्यावर आले.

पहिला सापडला तो गॅसवाला. मग पंचायतीच्या निवडणुकीतले एक उमेदवार सापडले. ते मत मागायला आले आणि अर्धा तास पेडल दाबून गेले, कार्यकर्ते बाहेर उन्हात. उमेदवार शेवटी कळवळून म्हणाले, "काका, माझ्याकडे लक्ष असू द्या." बॉनेटमागून काका म्हणाले, "आधी सोड म्हटल्यार सोडूक शिक." मग सत्यनारायणाला निघालेले भटजी सापडले. ते सोवळ्यात होते, चामड्याच्या सीटवर बसेनात. काकांनी आतून पाट आणून सीटवर ठेवला. पाटावर बसल्यावर भटजींचा पाय पेडलपर्यंत पोचेना, म्हणून त्यांनी छत्रीच्या टोकाने दाबलं. काकांनी ते धरलं नाही. त्यांचा नियमच आहे, की पेडल अनवाणी दाबायचं. "पायाक कळता. चपलेक खंय कळता? छत्रयेक खंय कळता?"

सगळ्यांनी एकच सांगितलं. काका, एकदम मोकळा आसा, काय प्रॉब्लेम नाय. खरंच सांगितलं. काका "बरां" म्हणायचे, बॉनेट पाडायचे आणि घरात जायचे. पुढच्या रविवारी पुन्हा रस्त्यावर. वाडीने निकाल देऊन टाकला की म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. फाटकं बंद व्हायला लागली ती तेव्हापासून.

तर त्या रविवारी रस्त्यात आम्ही दोघंच उरलो, मी आणि काका. मी दमले होते. ज्यांच्या दारात चिखल आहे, तेच लोक चिखलाविरुद्ध सही करत नाहीत, याचा एक वेगळाच शीण येतो. काका म्हणाले, "कोण घेणत नाय?"

"नाही."

"माझा पण कोण घेणत नाय. ये मगे. पाच मिन्टां."

मी गेले. चपला काढल्या. सीटच्या खळग्यात बसले तर पाय आपोआप पेडलवर गेला. बॉनेटमागे काका दिसेनासे झाले.

"दाब... हळू... रव. आता सोड. जड लागता?"

पेडल असं गेलं आणि असं आलं, की पायाखाली काही आहे असं वाटू नये. मी स्पष्ट बोलते. स्पष्ट बोलण्यावरून मी दोन संघटना सोडल्या आहेत. मी सांगितलं, "नाही काका. अगदी हलकं आहे."

"बरां," काका म्हणाले. बॉनेट खाली यायला लागलं.

उठायला म्हणून मी सीटच्या कडेला हात टेकला. शिवणीत काहीतरी बारीक, खरखरीत बोटाला लागलं. काढून बघितलं तर तिरफळ होतं. वाळून काळं झालेलं, पण वास अजून होता.

मी ते मुठीत धरून बसले. बॉनेट जवळजवळ मिटलं होतं.

"काका, थांबा. परत बघते."

बॉनेट तिथेच थांबलं. मी पेडल दाबलं. लोण्यासारखं गेलं. सोडलं. लोण्यासारखं आलं.

"जरा जड आसा," मी म्हटलं.

मग बॉनेट सावकाश वर गेलं, आणि त्याच्या कडेवरून काकांचा चष्मा दिसला.

"खंय? सुरवातीक काय मधी?"

"मधी."

"मधीच," काका म्हणाले. "तुझी काकी पण मधीच म्हणायची." आणि त्यांनी पिचकारी उचलली. समोरचा पंप बंद झाला, बाई फुलांची परडी न्यायला परत आल्या, ऊन माथ्यावर आलं. काका तेल घालत होते, मी दाबत होते, सोडत होते. आत जाऊन त्यांनी माझ्यासाठी सूप आणलं, थोडे तांदूळ घालून. रिकामे हात बरे नव्हेत, म्हणाले. मी निवडले.

काकांना केबलमध्ये काय आहे ते आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळतं. नवी बसवताना ते शेजारी उभे होते.

डांबराचं मी बघेन, ते काम माझं आहे. पण दर रविवारी मी मिठबावात नसते, आणि पुढचा रविवार चार दिवसांवर आला आहे. म्हणून ही मागणी तुमच्याकडे. तुम्ही वाडीतले असाल किंवा देवगडला जाता जाता थांबणारे असाल, लाल गाडीच्या बेड्यात या. चपला काढा. सीटवर बसा. दाब म्हटलं की दाबा, रव म्हटलं की थांबा, सोड म्हटलं की सोडा. आणि काकांनी विचारलं, तर कृपा करून खरं बोलू नका. जड आसा म्हणा. कुठे, असं ते विचारतील.

मधी म्हणा.