राजघाटच्या फिरस्त्यांवर पांडुरंगरावांची स्वारी

श्री तापीमाई प्रसन्न. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, कार्तिक वद्य पक्षी शहर बऱ्हाणपूर येथे जे वर्तले ते ऐकणारांनी चित्त देऊन ऐकावे. आम्ही पदरचे काही घालीत नाही. घातले असल्यास शोभेपुरते घातले आहे.

राजमान्य राजश्री पांडुरंगराव कागद कारखान्यात चौतीस वर्षे चाकरी करोन निवृत्त जाहले आणि चिरंजीव जितेंद्र यांचे घरी बऱ्हाणपुरास येवोन राहिले. कारखान्यात राव मोठे मातब्बर, फाटकापासून कॅंटीनपर्यंत नमस्कार झडत. येथे चार महिने लोटले तरी कोणी नावाने हाक मारीना. दूधवाला 'जितूभैया के पापा' म्हणे, तेवढीच काय ती पदवी. मग राव दिवसभर घरातच गस्त घालीत, चालू पंखे बंद करीत, सुनेच्या डब्यांची झाकणे तपाशीत, आणि कोणी तरी आपली विचारपूस करावी म्हणोन आत झुरत. ते पाहोन रावांचे कुटुंब खासा यमुनाबाईसाहेब यांनी फर्मान काढिले की, राजघाटी रोज पहाटे सहास फिरस्त्यांची फौज जमते, तीत सामील व्हावे, चार माणसे जोडावी, आणि आठाचे आत घरात पाऊल टाकू नये.

फर्मान सादर होताच रावांनी इतवाऱ्याचे बाजारातून पांढरे बूट आणिले, माकडटोपी चढविली आणि कूच केले. घाटावर सात असामी उभे होते. त्यांचे सरदार सुकलालभाऊ, वय सत्तर, हाती काठी, नदीकाठी पाच एकर केळी. त्यांचे उजवे हात कडूभाऊ, तेही केळीवालेच. रावांनी अदबीने नमस्कार करोन आपले नाव सांगितले. सुकलालभाऊंनी मान डोलाविली आणि फौज बागांच्या वाटेस लागली.

आता येथे घात जाहला. रावांचा समज ऐसा की, फिरावयास जाणे म्हणजे चालणे. त्यांनी घड्याळ लाविले आणि जे सुटले ते सरदारांस मागे टाकोन, बांधामागोन बांध ओलांडीत, पुढल्या गावच्या मारुतीस शिवोन माघारी फिरले. पाहतात तो फौज अद्याप दुसऱ्याच बांधावर उभी. राव गर्वाने हात हालवोन पुढे निघोन गेले. ऐसे तीन दिवस चालले. चौथ्या दिवशी त्यांच्या नमस्कारास कोणी उत्तर देईना. राव मनी फार खचले. घरी येवोन म्हणाले की, या गावास आम्ही नकोच आहो, आणि चहा न घेता भिंतीकडे तोंड करोन निजले.

मग सूनबाई पूनम यांनी हेरगिरी आरंभिली. इतवाऱ्याचे भाजीबाजारात सुकलालभाऊंचे कुटुंब मालूबाई भेटल्या, त्यांस मेथीच्या जुड्यांआड गाठोन सर्व भेद काढिला. मालूबाई म्हणाल्या, "तुहे सासरे असे पळतात, जशी बस सुटून राह्यली. आमच्या बागेकडं मान वळवून पाह्यलं नाही त्यायनं. आमचे हे दोन दिवस धड जेवले नाहीत."

भेद कळताच रावांचा चेहरा उतरला. त्या फौजेचा रिवाज ऐसा की, दर बांधावर थांबावे, केळीचा घड निरखावा, ज्याने त्याने वजनाचा अंदाज सांगावा, मालकाने तो कमी म्हणोन रुसावे, आणि मगच पाऊल उचलावे. केळीवाल्याच्या बांधावरून घडाकडे न पाहता जाणे म्हणजे लग्नास जावोन नवरीचे तोंड न पाहणे. राव सायंकाळपर्यंत अंगणात हळू चालण्याची तालीम करीत होते. पाय ऐकतील तर शपथ. दोन पावलांत तिसरे आपसूक निघे आणि यमुनाबाईसाहेब ओट्यावरून "हळू, अहो, हळू" ऐसा इशारा देत.

पाचवे दिवशी निर्वाणीची लढाई. राव सरदारांचे मागे चालले, मोठ्या शर्थीने चालले, पोटऱ्यांस गोळे आले तरी हटले नाहीत. फौज सुकलालभाऊंच्या बागेशी ठाकली. कडूभाऊंनी एका घडाकडे पाहोन एकोणीस किलो म्हटले. दुसऱ्याने एकवीस म्हटले. सुकलालभाऊ रिवाजाप्रमाणे रुसले. मग काठी रावांकडे वळली आणि सर्व नजरा तिकडे वळल्या.

रावांचा उभा जन्म कागदाच्या रिळांत गेलेला, त्यांची वजने शेकड्यांनी. चारशे ऐसे जिभेवर आले होते, ते गिळोन, फार नम्रपणे म्हणाले, "साठ असेल."

कडूभाऊंस ठसका लागला. सुकलालभाऊ आपल्या घडाकडे पाहत राहिले, मग रावांकडे, मग पुन्हा घडाकडे, आणि त्यांचे डोळे पाणावले. मग त्यांनी हुकूम सोडिला की, पन्नास वर्षांत आमच्या बागेची कदर करणारा माणूस आज भेटला, यापुढे ह्यांनी आमच्या बाजूने चालावे, आणि ज्यास हसणे आहे त्याने आपल्या बांधावर जावोन हसावे. सर्व हसले. रावही हसले. कशास हसतो ते त्यांस ठाऊक नव्हते, तरी हसले, आणि घरी येवोन यमुनाबाईसाहेबांस ती हकीकत तीनदा सांगितली.

परंतु हळू चालण्याचा घाव मोठा. सहावे दिवशी पोटऱ्या धरल्या, बूट पायात जाईनात, आणि राव घाटाकडे निघाले तेव्हा साडेसहा जाहले होते. वाटेत मनास समजावीत होते की, फौज गेली असेल, आपण कोण लागून गेलो, नदीस हात जोडावे आणि माघारी यावे.

घाटावर येतात तो सातही असामी थंडीत उभे. एकही पाऊल हालले नव्हते. कडूभाऊ हातावर हात चोळीत होते. आणि सुकलालभाऊ काठी आपटोन, साऱ्या घाटास ऐकू जाईल ऐशा आवाजात गरजले, "काहो पांडुरंगभाऊ, कवाचे उभे आहोत आम्ही. काही लाज हाये का नाही?"

रावांनी मान खाली घालोन ती बोलणी पुरती ऐकिली. मग पोटऱ्यांची कळ विसरोन सरदारांचे बाजूस जावोन उभे राहिले.

येणेप्रमाणे कार्तिक वद्य दशमीस, प्रातःकाळी सहा वाजोन चाळीस मिनिटांनी, राजघाट मुक्कामी, पांडुरंगराव यांनी सात माणसांची फौज आपल्या नावावर थांबविली आणि भर घाटावर नाव घेवोन शिव्या मिळविल्या. मोहीम फत्ते जाहली.