हमालाचं पुढं काय झालं?

सिनेमागृहात जागेवर बसल्या बसल्या आमच्या शेजारच्या सिस्टर आधी चपला काढतात. त्या खुर्चीखाली जोडीनं ठेवतात आणि मला बजावतात, "बाई, डोकंबी इथंच ठेवा. जाताना घिऊन जाऊ."

सावेडीतल्या आमच्या इमारतीत त्यांना नावानं कुणी हाक मारत नाही. तीस वर्षं जामखेडकडच्या एका सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. मी शाळेत गणित शिकवलं. त्यामुळे नायकानं दरीवरून उडी मारली की माझ्या डोक्यात अंतर आणि वेग सुरू होतो. "हे शक्यच नाही हो," मी म्हणते. "बघायचं. इचारायचं न्हाई," म्हणत सिस्टर माझ्या हातावर शेंगदाणे ठेवतात. कोसळणारे पूल, मगरी, भुयारं, त्यांना सगळंच आवडतं. नायक कड्यावरून पडला तरी त्या शांत. "उठतंय त्ये. नाडी चांगली हाय."

तीन वर्षांपूर्वी खजिन्याच्या शोधाचा एक सिनेमा आम्ही पाहिला. त्यात एका हमालाच्या पायावर दरड कोसळते आणि त्याला झोळीत घालून डोंगराखाली नेतात. पुढे तो दिसतच नाही. नायकाला खजिना मिळाला, लोकांनी शिट्ट्या मारल्या. दिवे लागले तरी सिस्टर बसूनच होत्या. "हमालाचं पुढं काय झालं?"

दुसरा भाग येणार असं कळल्यापासून तर त्यांनी मला भंडावून सोडलं. एकदा मी वैतागून म्हटलं, "अहो, डोकं चपलांपाशी ठेवायचं ना?"

तेव्हा त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आमच्याकडं जमंल तेवढं करायचं अन् लई शिरेस पेशंट गाडीत घालून नगरला धाडायचा. गाडी वळली की संपलं. पुढं काय झालं, कोन सांगाय येतंय? शिनेमाचा दुसरा भाग तरी निघतो, बाई."

मी पुन्हा कधी त्यांची थट्टा केली नाही.

दुसरा भाग लागला तसा पहिल्याच दिवशीचा दुपारचा शो गाठला. मध्यंतरापर्यंत हमाल आला नाही. नंतर पुढच्या रांगेतल्या एका आजोबांना दरदरून घाम फुटला. सिस्टर अनवाणीच उठल्या, त्यांना धरून बाहेर घेऊन गेल्या. परतल्या तेव्हा पडद्यावर नावं सरकत होती.

"आजोबांना रिक्षात घालून दवाखान्यात धाडलं, लेक हाय संगं," पायानं चपला चाचपत त्या म्हणाल्या. "हमाल दिसला का?"

दिसला नव्हता. त्याची कुणाला आठवणही नसावी. पोरांच्या चुकीच्या उत्तरांवर जन्मभर फुल्या मारलेली मी, पण त्यांच्याकडे बघून माझ्यानं खरं बोलवेना.

"दिसला. शेवटी, बाजारात. डाव्या पायानं जरा लंगडत होता."

सिस्टर थबकल्या. "दरड उजव्या पायावर पडली हुती."

मी बाहेर येऊन स्कूटर सुरू केली. माझ्या खांद्यावर हात ठेवून त्या मागे बसल्या. फाटकापाशी उतरताना म्हणाल्या, "डावा का उजवा ऱ्हाऊ द्या. चालत हुता ना?"

"चालत होता."

"मग झालं."

त्यांनी मोबाईल काढला आणि चष्मा वर करून एका चिठ्ठीवरचा नंबर लावू लागल्या. आजोबांच्या लेकीचा नंबर या वेळी त्यांनी मागून घेतला होता. रिंग जात राहिली. मीही त्यांच्याजवळ उभी राहिले.