गजभारे सरांची करंगळी

आमच्या गजभारे सरांच्या डाव्या करंगळीचं नख चमकतं. बाकीची नऊ नखं खडूनं पांढरी पडलेली, कशीबशी कापलेली, आणि ही एकटी करंगळी काचेसारखी लखलखीत. सरांना लॅबमध्ये करंट बसला तेव्हापासून ते नख असं झालंय, अशी नववीच्या पोरांची समजूत आहे. खरं सांगायचं तर ती अफवा मीच सोडली, कारण खरी गोष्ट पोरांना सांगण्यासारखी नव्हती.

सर नांदेडला आमच्या शाळेत विज्ञान शिकवतात, मी मराठी. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी आणि घरंही एकाच गल्लीत, त्यामुळे त्यांच्या भित्रेपणापासून माझी सुटका नाही. अंधाराला भिणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. उजेडाला भिणारा हा एकच. स्कूटीवरच्या पोरी उन्हात कोपरापर्यंत हातमोजे घालतात ना, तसले फुलाफुलांचे मोजे घालून सर शाळेत येतात. वेल्डिंगचं दुकान लागू नये म्हणून अर्धा किलोमीटर लांबून जातात. झेरॉक्सवाल्यानं झाकण उघडं ठेवून बटण दाबलं, की सर रस्त्याच्या पलीकडे.

‘‘दिसतो तो उजेड बरा हो,’’ ते म्हणतात. ‘‘न दिसणारा लई वाईट. तो आपलं काम करून राहिला, अन् आपल्याला पत्ताच न्हाई!’’

शर्टाच्या खिशात पेनाशेजारी सहा इंची स्टीलची पट्टी. सर कशाचंही माप घेतात. डब्यातल्या पोळीचंसुद्धा घेतलेलं मी पाहिलंय.

आता करंगळी. सरांना एकच मुलगी, प्रज्ञा. तिला डॉक्टर करायचं म्हणून लातूरला क्लासला ठेवलं. दोनदा परीक्षा दिली, दोनदा जमलं नाही. तिसऱ्यांदा द्यायच्याऐवजी पोरगी कुणाला न सांगता नखं रंगवायला शिकली आणि दहाही बोटं रंगवून घरी आली. त्या दिवशी काय झालं ते गल्लीत कुणालाच कळलं नाही. कळलं एवढंच, की ती संध्याकाळच्या गाडीनं लातूरला परत गेली, तिथल्या एका पार्लरमध्ये कामाला लागली आणि वडिलांशी बोलणं तिनं बंद केलं. आईला फोन करायची. सरांनी उचलला की कट.

सरांनी हेही गिळलं असतं. पण एकदा वहिनी, म्हणजे प्रज्ञाची आई, सहज बोलून गेल्या, की नखांचा जेल नावाचा घट्ट रंग एका छोट्या दिव्याखाली सुकवतात आणि नवा रंग आला की प्रज्ञा आधी स्वतःच्या नखांवर लावून बघते. कसला दिवा, म्हणून सरांनी चौकशी केली. दिवा अतिनील किरणांचा निघाला. झालं! सरांची झोप उडाली.

‘‘माझ्या लेकराचा हात रोज त्या दिव्यात जाऊन राहिला हो,’’ ते मला स्टाफरूममध्ये म्हणाले. ‘‘आज काही दिसायचं न्हाई. ते कातडीचं कॅन्सरबिन्सर लई वर्षांनी दिसतं.’’

फोन कट होणार हे ठाऊक होतं, म्हणून सर थेट लातूरला पोचले. प्रज्ञानं मान वर न करता सांगितलं, ‘‘गिऱ्हाईक असाल तर बसा.’’

सर बसले आणि त्यांनी करंगळी पुढे केली. तेव्हापासून दर तिसऱ्या रविवारी ही वारी. चाकूर गेलं की एसटीतच हातांना उन्हापासून वाचवणारं क्रीम चोपडायचं, लातूर स्टँडवर उतरून दुसरा थर द्यायचा, आणि दिव्यात हात घालताना मोजा, त्याचं फक्त करंगळीचं टोक कापलेलं.

परवाच्या रविवारी ते मला म्हणाले, ‘‘आज तुम्ही चला. एकट्याला जमायचं न्हाई.’’ मांडीवर एक कागदी पुडी होती. अहमदपूर आलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, ‘‘त्या दिवशी मी तिला मारलं. ह्याच पट्टीनं, हातावर. एक नख तुटलं हो. आता त्याच हाताला काही झालं तर म्या काय करू?’’ इतके दिवस ह्या माणसाची मी टिंगल केली होती. उरलेला रस्ता मीही घाबरून बसलो.

पार्लरमध्ये बायका आमच्याकडे बघत होत्या. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभा राहिलो. प्रज्ञा तोंडाला मास्क लावून बसली होती. ‘‘सर, हात ठेवा,’’ ती म्हणाली. स्वतःच्या बापाला ती सर म्हणत होती! दिवा लागला. सरांनी डोळे घट्ट मिटले आणि साठपर्यंत आकडे म्हटले. दिवा विझल्यावर त्यांनी पुडी तिच्यापुढे सरकवली.

आत पांढऱ्या सुती कापडाचे दुहेरी मोजे होते. वहिनींच्या मशीनवर सरांनी स्वतः शिवलेले, दहाही बोटांची टोकं मोकळी ठेवून.

‘‘रंग बघताना घालत जा,’’ सर म्हणाले. ‘‘अन् क्रीम वीस मिनिटं आधी.’’

ती आता पुडी परत ढकलणार, असं मला वाटलं. तिनं एक मोजा उचलला आणि हातात घालून पाहिला. तो अंगठ्याशीच अडला.

‘‘लहान होतात,’’ ती म्हणाली.

‘‘माप नव्हतं,’’ सर म्हणाले. ‘‘तू चौथीत होतीस, शाळेत सोडताना बोट धरायचीस. तेवढाच अंदाज होता मला.’’

प्रज्ञानं मोजा आणखी ओढून पाहिला. सर म्हणाले, ‘‘थांब, माप घेतो,’’ आणि त्यांचा हात सवयीनं खिशाकडे गेला. पट्टी अर्धी बाहेर आली. तेवढ्यात प्रज्ञाचा हात टेबलावरून मागे सरला. फार नाही, बोटभर. पण आम्ही दोघांनीही ते पाहिलं.

सरांचा चेहरा उतरला. त्यांनी पट्टी काढून माझ्या हातात दिली. म्हणाले, ‘‘हे तुमच्यापाशीच राहू द्या.’’ मग आपला खडूनं खरबरीत झालेला उजवा पंजा टेबलावर उताणा ठेवला आणि म्हणाले, ‘‘वितीनं घेतो.’’

प्रज्ञानं मास्क खाली केला. मग अडकलेला मोजा काढून तिनं आपला हात त्याच्यावर ठेवला.

‘‘घ्या, पप्पा.’’