घर्षण नगण्य मानून केलेलं बारसं

स्प्रिंगची आणि घर्षणाची गणितं अख्ख्या राजापेठेत माझ्याइतकी झटपट कोणी सोडवत नाही! हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. ज्याला हसू येईल त्याने माझ्या क्लासमधून चालतं व्हावं, माझं डोकं आधीच तापलेलं आहे.

मुलगा झाला. बारसं सासुरवाडीला, बार्शीटाकळीला ठरलं. नाव मी सहा महिन्यांपासून पक्कं केलं होतं. स्पंदन! फिजिक्सच्या मास्तराच्या पोराला याहून शोभेल असं नाव दाखवा! ते कानात सांगायचा मान आत्याचा, म्हणजे माझ्या संध्याताईचा. तिच्याकडून मी ते दहा वेळा म्हणून घेतलं.

पाळणाही मीच बांधला. स्प्रिंगचा! बाळ तीन किलो दोनशे ग्रॅम. स्प्रिंग पंचवीस सेंटिमीटर ताणली की बरोबर एका सेकंदाला एक झोका. क्लासच्या पोरांकडून फळ्यावर सोडवून घेतलं. गणितात घर्षण नगण्य मानायचं असतं, म्हणून हुकाला, दोरीला, गाठीला सगळीकडे ग्रीस फासलं.

"आमच्या लाकडाच्या पायन्याले काय झालं, जावईबापू?" सासरे किसनराव म्हणाले.

"त्याचं गनित कोनी केलं हाये काय?" मी फटकारलं.

बायका जमल्या. सासूबाई टोपडं घातलेला वरवंटा घेऊन आल्या. बाळाच्या आधी पाळण्यात तो निजवायचा, बाळ तसंच टणक व्हावं म्हणून. आता मला सांगा, माझ्या गणितात बाळ दिलं होतं, वरवंटा कुठे दिला होता?

"याचं वजन किती हाये?" मी ओरडलो.

"वरवंट्याले कोनी तोलते काय? मसाला वाटतो आमी त्यानं!"

"ठेवू नका! स्प्रिंग खाली बसन!"

"पोराच्या बारशात काहून वरडून रायले तुमी?" माझी बायको प्राजक्ता डोळे वटारून म्हणाली.

ठेवलाच! वरवंटा सुर्रकन खाली गेला आणि उसळून वर आला. बायकांनी टाळ्या पिटल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण ऐकतो कोण! शेजारीच संध्याताई बाळाला मांडीवर घेऊन त्याच्या कानाशी वाकली. नाव घेतलं की आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे असतात, म्हणून चार जणी मुठी आवळून तयार.

नेमकी तेव्हाच गाठ सुटली. गाठ टिकते ती घर्षणामुळे, हे मी दरवर्षी शिकवतो! वरवंटा धाडकन ताईच्या पायाजवळ आदळला. स्प्रिंग वरच्या टिनावर खण्णकन बसली. आणि ताई बाळाच्या कानातच किंचाळली, "किशोर!"

किशोर म्हणजे मी. पुढे ती मला शिव्याच घालणार होती. पण त्याआधी चौघींनी धपाधप धपाटे घातले!

"किशोर! किशोर नाव ठेवलं वो!"

"रद्द! पुन्हा घ्या!" मी बोंबललो.

"कानात पयलं गेलं तेच नाव," किसनराव म्हणाले. "हा काय तुमचा फळा हाये, पुसला अन् पुन्हा लिहिला?"

दुसऱ्याच दिवशी ते स्वतः जाऊन नाव नोंदवून आले. जन्मदाखल्यावर छापलंय, किशोर किशोर भुयार! माझा संताप अजून उतरलेला नाही. त्यातून प्राजक्ता आतून ओरडते, "किशोर, पुन्हा ओलं केलं काय रे?" आणि दर वेळी आधी मीच दचकून स्वतःची पँट बघतो.