निवडुंगाची दाढी

बावीस वर्षं न्हाव्याचं दुकान चालवतोय. माझ्या हाताखालून गेलेल्या गालावर खुंट सापडला तर दुकान बंद करीन, असं मी छातीठोक सांगायचो. हा हात कुठे थांबवायचा, एवढंच शिकायचं राहिलं होतं.

सासऱ्यांचं डोळ्याचं ऑपरेशन होतं. बायको त्यांच्या सोबतीला गेली आणि चार दिवसांसाठी त्यांचा निवडुंग माझ्याकडे आला. सासूबाईंनी लावलेला. त्या जाऊन सहा वर्षं झाली, पण त्यांच्या हयातीत त्याला एकदाही फूल आलं नाही. यंदा पहिली कळी धरली होती.

"जावईबापू, एवढी कळी सांभाळा," सासरे म्हणाले. "उमललेली मला बघायचीय."

"बाबा, निश्चिंत जा. पोटच्या पोरासारखं बघतो."

पहिल्याच दिवशी पाणी घालताना पोटच्या पोराने बोटात चार काटे घुसवले. मी विचार केला, काटे असतात कशाला? जनावरांनी खाऊ नये म्हणून. आमच्या घरात ना बकरी, ना उंट. मग हा फुकटचा पसारा हवाय कशाला? शिवाय कळी कशी उठून दिसेल!

चिमटा घेतला, भिंग घेतलं, आणि तीन तासांत गडी असा गुळगुळीत केला की नवरदेव म्हणून उभा करावा. सवयीने तुरटीसुद्धा फिरवली. वर ऊन खायला गच्चीत ठेवला.

तिसऱ्या दिवशी त्याच्या अंगावर भाजल्यासारखे पांढरट चट्टे. कळीने मान टाकलेली. मी कुंडी उचलून धावत नर्सरी गाठली.

नर्सरीवाला बराच वेळ बघत राहिला. "याला काय झालं?"

"दाढी केली."

"अहो, काटे म्हणजे त्याची सावली! एकेका काट्याची इवलीशी सावली, अशा हजार काट्यांची मिळून छत्री होते. गरम वारा अंगाला लागू देत नाहीत. काहींचे तर दव धरून थेंब थेंब मुळाशी सोडतात. तुम्ही त्याला भर उन्हात उघडा उभा केलात."

"किती दिवसांत उगवतील?"

"ती काय हनुवटी आहे? तिथे परत येत नाहीत."

घरी येईपर्यंत कळी गळून पडली. मी ती खिशात ठेवली आणि खाली बसलो. खरंच रडू आलं. दुसऱ्या दिवशी बाबा येणार होते, म्हणून मग वेड्यासारखा दाढीच्या ब्रशचे केस उपटून डिंकाने एकेक चिकटवत बसलो. लांबून बरं दिसत होतं.

बाबा आले. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने अंधुक दिसायचं. आल्याआल्या कुंडीपाशी गेले आणि काट्यांवरून तळहात फिरवला. हात थबकला.

"हे मऊ कसं लागतंय?"

मी सगळं सांगून टाकलं. खिशातली कळी त्यांच्या हातावर ठेवली. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की तिथल्या तिथे मीच गळून पडावं.

बाबांनी कळी चाचपून पाहिली. मग म्हणाले, "हिच्या आईलाही मी एकदा म्हटलं होतं, जरा गोड बोलत जा लोकांशी. महिनाभर बोलली बिचारी. शेजारी शिलाई मशीन घेऊन गेले, भाऊ पलंग घेऊन गेला, आणि रोज चहाला दहा माणसं! शेवटी मीच हात जोडले, बाई, होतीस तशी हो." ते हसले, मग डोळा पुसू लागले. "डोळ्याला पाणी लागता कामा नये म्हणालेत," असंही म्हणाले.

निवडुंग जगला. सावलीत असतो. डोक्यावर दोन नवे काटे आलेत, कळीचं मात्र नाव नाही. बाबा मला एका शब्दानेही बोलले नाहीत. फक्त तेव्हापासून त्यांनी दाढी वाढवलीय. डॉक्टरांनीच सांगितलंय म्हणतात. डोळ्याच्या ऑपरेशनचा आणि दाढीचा संबंध काय, हे विचारायला माझी जीभ रेटत नाही.