वस्त्रगाळ उजेड

आखाडा बाळापूरच्या बाजारातल्या 'अजीज फोटो स्टुडिओ'त गेल्या काही वर्षांत फोटो काढणाऱ्यांपेक्षा सावलीला टेकणाऱ्यांचीच गर्दी जास्त होती. ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल आला आणि स्टुडिओच्या वाट्याला पासपोर्ट फोटो तेवढे उरले. म्हातारे अजीजचाचा गल्ल्यामागच्या खुर्चीत बसून रोज एकदा तरी सांगायचे की दुकान खतवाल्याला भाड्यानं देऊन टाकू, तो कधीचा मागे लागलाय. त्यांचा मुलगा अशफाक मात्र हट्टाला पेटला होता. चेहऱ्यावर उजेड कसा बसवायचा हे मोबाईलला कळत नाही, असं त्याचं ठाम मत होतं.

अडचण एवढीच, की तसला उजेड विकत आणायची त्याची ऐपत नव्हती. म्हणून त्यानं तो घरीच बनवला होता. मंडपवाल्यानं काढून टाकलेला हॅलोजन, त्याला गोडेतेलाचा डबा कापून केलेलं टोपरं, सावली उजळायला टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल आणि उजेड मऊ पडावा म्हणून पुढं दोन काठ्यांना ताणून बांधलेला बटर पेपर. अजीजचाचा या सगळ्याला भंगार म्हणत.

अशात एका सकाळी भागवत आला. तो अजीजचाचांचा जुना दोस्त, हळदीचा शेतकरी. सोबत बायको संगिता आणि मुलगी प्रतिक्षा. उदगीरच्या शेषरावांच्या मुलाचं स्थळ सांगून आलं होतं आणि मोबाईलवरचा नको, स्टुडिओतला चांगला फोटो पाठवा, असा त्यांचा निरोप होता. अशफाक इतका हरखला की त्यानं स्टुलावरची धूळ स्वतःच्या शर्टानं पुसली. अजीजचाचांनी त्याला आत बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं, "ये फोटू जम्या तो दुकान तेरी. नै जम्या तो खतवाले की."

प्रतिक्षा स्टुलावर बसली. अशफाकनं हॅलोजन लावला, हनुवटी जरा वर घ्यायला सांगितली, डोळ्याला कॅमेरा लावला आणि त्याला जळका वास आला. हॅलोजनच्या धगीनं बटर पेपर मधोमध तपकिरी पडून धुमसत होता. अशफाकनं तो तांब्यातल्या पाण्यानं विझवला, पण आता उजेड गाळायला काही उरलं नाही. घरून चादर मागवली तर तिच्यावर ही मोठाली गुलाबं निघाली.

"माझ्यापाशी हाय की कपडा," संगिता म्हणाली. प्रतिक्षाची मोतिया रंगाची साडी तिनं एका जुन्या पांढऱ्या धोतरात गुंडाळून आणली होती. धोतर स्वच्छ धुतलेलं, उन्हात खडखडीत वाळवलेलं होतं. अशफाकनं ते काठ्यांना बांधलं आणि हॅलोजन हातभर मागं सरकवला.

आता, ते धोतर भागवतच्या घरी घरच्या हळदीची पूड वस्त्रगाळ करायला वापरायचे. उन्हानं हळदीचा डाग उडतो हे त्या भागात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण धाग्याधाग्यात जाऊन बसलेली पूड उन्हालाही दाद देत नाही. शिवाय हंगाम हळदीचा. त्या दिवसांत बाळापुरात माणसांचे हात पिवळे, भिंती पिवळ्या, रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा पिवळं. तिथं पिवळं काही दिसलं तर कुणाच्या डोळ्याला खुपणार?

फोटो निघाला आणि अशफाक कॅमेऱ्याकडे बघतच राहिला. इतका मऊ, इतका उबदार उजेड त्याला आजवर जमला नव्हता. अजीजचाचा गुडघे धरत उठले, चष्मा वर करून त्यांनी फोटो पाहिला आणि म्हणाले, "बराबर हाय." हा शब्द अशफाकनं वडिलांच्या तोंडून स्वतःच्या निकाहातसुद्धा ऐकला नव्हता.

"दादा, मी जरा पिवळी दिसून राहिले का?" प्रतिक्षानं विचारलं.

"सोन्यावानी दिसून राहिलीस," अशफाक म्हणाला.

एरवी तो फोटोचा रंग कॉम्प्युटरवर एकदा नीट करून घ्यायचा. नेमकी तेव्हाच लाइट गेली. भागवतला घाई होती. फोटो तसाच मोबाईलवर गेला, तिथून उदगीरला आणि भागवतच्या हौसेपायी नातेवाइकांच्या ग्रुपवरही.

दुपार कलायच्या आत शेषरावांच्या बायकोचा, आशाबाईंचा फोन आला. "पोरीला हळद लागलेली दिसते," त्या भागवतला म्हणाल्या. "दुसऱ्याच्या नावाची हळद लागलेली पोरगी आमाला काहून दाखवता?"

भागवतला काही कळेना. त्यानं ग्रुप उघडला तर तिथं अभिनंदनाच्या फुलांचा खच पडला होता. प्रतिक्षाचा साखरा गावचा मामा तर मोटरसायकलवर स्वतःच येऊन थडकला. भाचीचं लग्न मामाला टाळून उरकलं म्हणून तो ओट्यावर पाठ फिरवून बसला आणि त्या घरचं पाणीही प्यायला तयार होईना.

भागवतनं मोबाईल स्टुडिओत आणून अशफाकपुढं धरला. या वेळी अशफाकनं तो फोटो परक्याच्या डोळ्यानं पाहिला. पिवळा चेहरा, पिवळी झालेली साडी आणि हातात संगितानं हौसेनं भरलेल्या हिरव्या बांगड्या. मुंडावळ्याच काय त्या बांधायच्या राहिल्या होत्या.

त्यानं लगोलग साध्या पांढऱ्या दिव्यांत दुसरा फोटो काढला आणि उदगीरला पाठवला. आशाबाई म्हणाल्या, हा हळद लागायच्या आधीचा दिसतो, लपवाछपवी कशाला करता? धोतर हळद गाळायचं आहे हे संगितानं सांगितलं, तेव्हा त्यानं त्या धोतराचाच फोटो पाठवला. उत्तर आलं, हे तर पांढरं धोतर आहे. उन्हात ते खरोखरच पांढरं दिसत होतं, त्याला अशफाक तरी काय करणार!

अजीजचाचांनी खतवाल्याला फोन करून दुकान मोजायला यायला सांगितलं. भागवतसारखा दोस्त आपल्या दुकानापायी चारचौघांत तोंडघशी पडला, याची त्यांना मनापासून लाज वाटत होती.

शेवटी भागवतनं शेषरावांना गळ घातली. ते जोडीनं हिंगोलीला एका वास्तुशांतीला निघाले होते आणि बाळापूर वाटेतच होतं. चहापुरतं थांबायला ते कबूल झाले. भागवतनं त्यांना घरी न नेता सरळ स्टुडिओतच आणलं. संगिता आणि प्रतिक्षा आधीच येऊन बसल्या होत्या.

"कपड्यानं कुठं हळद लागत असती का?" आशाबाईंनी दारातूनच विचारलं.

"मावशी, तुमीच बसून बघा," अशफाक म्हणाला. दुकान राहणार की जाणार ते आता या एका फोटोवर होतं.

आशाबाई पदर सावरून स्टुलावर बसल्या. अशफाकनं धोतराआडून हॅलोजन लावला, फोटो काढला आणि कॉम्प्युटरवर मोठा करून दाखवला. आशाबाई बघत राहिल्या. भागवतला वाटलं, आता मात्र बिनसलं.

"आमच्या लग्नात फोटोवाला आलाच न्हाई," आशाबाई म्हणाल्या. "ह्यांच्या भावानं ठरवला व्हता, त्याची गाडी चुकली म्हणे. हळदीतला माझा एकबी फोटो न्हाई." त्यांनी पदरानं डोळे टिपले. मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "अहो, तुमीबी या की इकडं."

शेषराव नको नको म्हणत टोपी नीट करून शेजारी बसले, तेही आधार कार्डाच्या फोटोला बसतात तसे ताठ. फोटोत दोघं पिवळेधमक निघाले. आशाबाईंनी तो तिथल्या तिथं स्वतःच्या मोबाईलवर मागून घेतला. मग प्रतिक्षाला दाराच्या उन्हात बोलावून नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "चांगली हाय पोरगी. पुढल्या रविवारी आमच्या पोराला घिऊन येतो."

"आधी त्यांचा फोटो इथंच काढा," प्रतिक्षा म्हणाली. "मलाबी बघायचंय, कसे दिसतेत ते." आशाबाई पोट धरून हसल्या. ही बातमी घरी पोचल्यावर ओट्यावरच्या मामानंही पाणी मागितलं म्हणतात.

खतवाला टेप घेऊन आला तेव्हा हिंगोलीच्या वास्तुशांतीत आशाबाईंचा फोटो पाहून आलेल्या, त्यांच्याच वयाच्या दोन जोड्या तसल्याच पिवळ्या फोटोसाठी स्टुडिओत खोळंबल्या होत्या. अजीजचाचांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं.

काही दिवसांनी भागवत धोतर परत न्यायला आला. घरची पूड गाळायची राहिली होती. अशफाक आत कुणाची तरी हनुवटी वर करण्यात गुंतला होता, म्हणून भागवत मागच्या अंगणात गेला. तिथं अजीजचाचा पाटावर बसून, घमेल्यावर तेच धोतर बांधून हळद गाळत होते. कोपरापर्यंत पिवळे झाले होते.

"हॅलोजनानं ह्याचा पिवळा रंग फिका पडला व्हता," ते वर न बघता म्हणाले. "गिऱ्हाईक ओरडून राहिलं."

भागवतनं धोतराचं विचारलं.

"धोतर आता स्टुडिओचं," अजीजचाचा म्हणाले. "अन् पूड आणून दे अजून. बाजारातल्या हळदीनं असा उजेड पडत न्हाई."