छत्री हवी आहे

गुपित कसं राखावं, हे डर्बनच्या बड्या इस्पितळांनी आमच्या क्लिनिकमध्ये येऊन शिकावं! निदान मंगळवारी दुपारपर्यंत माझं हेच मत होतं.

एचआयव्ही होऊ नये म्हणून रोज घ्यायची गोळी आमच्याकडे फुकट मिळते. पण खिडकीशी ती मागणार कोण? मागे बाकावर अख्खं गाव कान टवकारून बसलेलं! ट्रकवाल्या नवऱ्याची बायको नोंजाबुलो तर एकदा सासूची मैत्रीण दिसताच तशीच परत गेली होती.

मी शक्कल लढवली. गोळी लागणाऱ्या बायकांना सांगून ठेवलं, "फक्त म्हणायचं, 'छत्री हवी आहे.' आम्ही काय ते समजू!"

सगळ्या स्टाफला पढवलं. रजेवर गेलेला बोंगुमुसा तेवढा राहिला. आणि मंगळवारी खिडकीत नेमका तोच!

"दादा, छत्री हवी आहे," नोंजाबुलो कुजबुजली.

बोंगुमुसाने बाहेरचं रणरणतं ऊन पाहिलं. दाराआडची माझी हिरवी छत्री काढून तिच्या हातात ठेवली. "घे ताई!"

बाकावर भूकंप झाला.

"सरकार छत्र्या वाटतंय!" रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी आलेल्या गुमेडे आजी ओरडल्या. गलका ऐकून मी बाहेर आले, तर खिडकीला द्राक्षांच्या घडासारख्या आज्या लटकलेल्या!

"मला फुलाफुलांची!"

"माझ्या सुनेलाही एक!"

घाबरून मी म्हणाले, "छत्र्या संपल्या!"

"संपल्या? म्हणजे होत्या!"

"हिला बरी मिळाली! कुणाच्या ओळखीने गं?"

मधोमध अडकलेली नोंजाबुलो रडवेली झाली. "सिस्टर, माझी डबी रिकामी आहे हो..."

"डबी नंतर! आधी छत्री!"

मग मात्र ती किंचाळली, "छत्री नकोय मला! एचआयव्ही होऊ नये म्हणून घेतात ती गोळी हवीय! नवरा आज रात्री घरी येतोय!"

बाकावरच्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. मी डोळे मिटून घेतले.

"मग असं सरळ सांग ना, बाई!" गुमेडे आजींनी छत्री तिच्या हातून काढून घेतली. "सरका गं, पोरीला पुढे जाऊ द्या! आणि काय हो सिस्टर, माझ्या दोन्ही नातींना मिळेल का ती गोळी?"

"मिळेल की आजी! पाठवा त्यांना."

"पाठवते. ऊन फार आहे, ही राहू दे माझ्याकडे."

नाती दुसऱ्याच दिवशी आल्या. आता आमच्याकडे पोरी गोळी खणखणीत आवाजात मागतात. गुमेडे आजींकडे माझी छत्री मागताना मात्र माझा आवाज अजून फुटत नाही!